खोललंच आहे तर आणखी काय बदलावं?

परळी वैजनाथच्या औष्णिक विद्युत केंद्रात वाफेच्या दाबावर टर्बाइन फिरतं, हे गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. टर्बाइनच्या दुसऱ्या टोकाला दाब जवळजवळ नसतो आणि वीज त्यावरही तितकीच अवलंबून असते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. काम करून थकलेली वाफ खाली कंडेन्सरमध्ये उतरते. तिथे थंड पाणी खेळवलेल्या हजारो नळ्या असतात. त्यांच्यावर आदळून वाफ निवते आणि तिचं पुन्हा पाणी होतं. एक किलो वाफ त्या ठिकाणी सुमारे चौदा घनमीटर जागा व्यापून असते, आणि पाणी झाल्यावर ती लिटरभर जागेत मावते. राहिलेल्या जागेत जवळपास काहीच उरत नाही. तिथला दाब बाहेरच्या हवेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो, त्यामुळे वाफेला टर्बाइनमधून शेवटपर्यंत पसरत जाता येतं आणि तेवढी जास्त ताकद हाती लागते. एखाद्या फ्लॅंजच्या गॅस्केटमधून किंवा व्हॉल्व्हच्या ग्लॅंडमधून बाहेरची हवा आत शिरू लागली, की हा व्हॅक्यूम पडू लागतो. तितक्याच विजेसाठी कोळसा जास्त जळतो. व्हॅक्यूम फारच पडला तर संरक्षणयंत्रणा टर्बाइन बंद करून टाकते. शेकडो मेगावॅटचा संच बंद पाडायला हवेची बारीक गळती पुरते.

अशा संचाची देखभाल करणाऱ्यांनी एक शहाणपण फार पूर्वी अंगी बाणवलेलं आहे. बॉयलर ठरावीक मुदतीने कायद्याप्रमाणे तपासावाच लागतो. १९२३च्या बॉयलर कायद्यापासून आपल्याकडे ही शिस्त आहे. त्यासाठी संच थांबवावा लागतो. एकदा थांबलाच, तर त्याच मुदतीत कंडेन्सरच्या नळ्या साफ होतात, बेअरिंग तपासली जातात, व्हॉल्व्ह घासून बसवले जातात, झिजलेली सीलं बदलली जातात. बॉयलरच्या तपासणीशी यातल्या कितीतरी कामांचा काही संबंध नसतो. संबंध असतो तो संच थांबण्याशी. थांबणं महाग असतं, म्हणून एका थांबण्यात जितकी कामं उरकतील तितकी उरकायची. आपल्या गाडीच्या बाबतीत हाच विचार आपण का करत नाही, हा या लेखाचा प्रश्न आहे. आणि तो विचार करायचा झालाच तर कुठवर करायचा, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. गॅरेजमध्ये ‘खोललंच आहे तर हेही करून टाकू’ हे वाक्य जितकं खरं असतं, तितकंच ते गिऱ्हाइकाच्या खिशाला धोक्याचंही असतं.

गाडीतला व्हॅक्यूम कुठून येतो ते आधी पाहू. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की झडप जवळजवळ मिटते, पण पिस्टन हवा ओढतच राहतात. त्यामुळे झडप आणि सिलिंडर यांच्यामधल्या मॅनिफोल्डमध्ये दाब उतरतो. निरोगी इंजिन आयडलिंगवर असताना समुद्रसपाटीला गेजवर साधारण १८ ते २२ इंच पारा इतका व्हॅक्यूम दिसतो. उंची वाढेल तसा दर तीनशे मीटरमागे हा आकडा सुमारे एका इंचाने उतरतो, म्हणून बालाघाटाच्या परिसरात तो थोडा कमी दिसला तर लगेच घाबरू नये. या फुकट मिळणाऱ्या ओढीवर गाडीतली बरीच कामं चालतात: ब्रेकचा बूस्टर, इंजिनातली वाफ परत ओढून घेणारी नळी, काही गाड्यांत इंधनाच्या दाबाचा नियंत्रक. डिझेल इंजिनाची गोष्ट वेगळी. जुन्या डिझेलमध्ये हवा अडवणारी झडपच नसते, म्हणून व्हॅक्यूमही तयार होत नाही. तो वेगळा पंप लावून निर्माण करावा लागतो. परळी-अंबाजोगाई-गंगाखेडच्या रस्त्यांवर प्रवासी वाहणाऱ्या जुन्या जीपगाड्यांपैकी अनेकींत हा पंप अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो आणि त्याला वंगण म्हणून इंजिनातलंच ऑइल मिळतं. नव्या टर्बो डिझेलमध्ये त्याच व्हॅक्यूमवर टर्बोची पाती हलतात आणि धूर परत फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडतो. म्हणजे बाहेरून पाहता फाउंटन पेनाइतकी जाड दिसणारी रबरी नळी एकीकडे ब्रेक आणि दुसरीकडे पिकअप सांभाळत असते.

ती फुटली की काय होतं, हे इंजिनावर ठरतं. पेट्रोल इंजिनात मोजमापाबाहेरची हवा आत येते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, आयडलिंग डळमळतं किंवा उगाच चढतं, गाडी मिसिंग करते. मिस्त्री लोक याला ‘गाडी हवा घेते’ म्हणतात, आणि या तीन शब्दांत निदान पूर्ण होतं. टर्बो असेल तर मामला अधिक गंभीर असतो. भाराखाली पातळ मिश्रण गेलं तर सिलिंडरमध्ये वेळेआधीच भडका उडू लागतो आणि त्याचे घाव पिस्टनवर बसतात. डिझेलमध्ये नळी टर्बोकडची असेल तर चढावर गाडी दमते. ब्रेककडची असेल तर पेडल दगडासारखं कडक होतं.

आता मूळ मुद्दा. नळी स्वस्त असते आणि तिच्यापर्यंत पोचणं महाग असतं. याचं टोकाचं उदाहरण एका जपानी स्पोर्ट्स कारचं आहे. माझदा कंपनीच्या आरएक्स-७ या गाडीची तिसरी पिढी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि २००२पर्यंत बनत राहिली. तिच्यात दोन टर्बो होते. कमी वेगात एक काम करायचा, आणि इंजिन साधारण साडेचार हजार फेऱ्यांवर गेलं की दुसराही जोडीला यायचा. ही अदलाबदल संगणक आणि अनेक सोलेनॉइड मिळून करायचे, पण प्रत्यक्ष झडपा हलायच्या त्या व्हॅक्यूम आणि दाबाच्या बारीक नळ्यांमुळे. मॅनिफोल्डच्या पोटाखाली डझनांनी नळ्या एकमेकींत गुंतलेल्या असायच्या. शौकिनांनी त्या गुंत्याला ‘उंदराचं घरटं’ असं नाव दिलं. टर्बोच्या झळीत ते रबर काही वर्षांत लाकडासारखं होई. एक नळी तडकली की दुसरा टर्बो वेळेवर येईनासा व्हायचा, आणि ती बदलण्यासाठी वरचा मॅनिफोल्ड उतरवावा लागे. या गाडीच्या मालकांमध्ये मग एक रीतच पडली. घरटं उघडलं की एकच नळी कधी बदलायची नाही. सगळ्या बदलायच्या, सोबत एकमार्गी झडपा, सोलेनॉइडची तपासणी, खालून जाणाऱ्या कूलंटच्या नळ्या आणि नवी गॅस्केटंही.

हे फक्त शौकिनांचं वेड आहे असं वाटेल, म्हणून थोडा हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, मॅनिफोल्डखालच्या एका कूलंट नळीची किंमत ३०० रुपये आहे. ती नंतर कधी स्वतंत्रपणे बदलायची झाली तर मजुरी २५०० आणि गाडी उभी राहिल्याने बुडालेली कमाई १५०० रुपये. म्हणजे आज ३००, उद्या ४३००. पुढच्या खोलण्याआधी ती नळी जाण्याची शक्यता चौदात एक इतकी जरी असली, तरी ती आज बदलणं परवडतं. आता त्याच जागी ६००० रुपयांचा सुटा भाग आहे असं धरू. आज ६०००, उद्या दहा हजार. तो जाण्याची शक्यता दहात सहापेक्षा जास्त असेल तरच आज बदलण्यात अर्थ आहे. एकाच खोलण्यातून दोन भागांसाठी दोन उलट उत्तरं निघतात. ‘खोललंच आहे तर’ हा युक्तिवाद खरा ठरतो तो स्वस्त आणि नक्की म्हातारा होणाऱ्या भागांपुरता. महागड्या भागाला तो लावायचा असेल, तर त्याच्या झिजेचा पुरावा हातात हवा. गॅरेजमध्ये बिल फुगतं ते बहुतेक वेळा हा फरक कुणी बोलून न दाखवल्यामुळे.

रबर हा नक्की म्हातारा होणारा पदार्थ आहे. ते म्हातारं होतं किलोमीटरमुळे कमी आणि उष्णता, ऑक्सिजन, ओझोन व ऑइल यांच्यामुळे जास्त. रसायनशास्त्रातला एक ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा प्रक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात बाहेरच ४२ अंश असतील, तर बॉनेटखाली इंजिन थांबवल्यानंतरच्या अर्ध्या तासात काय होत असेल याची कल्पना यावी. तेव्हा पंखाही फिरत नसतो आणि हवाही हलत नसते. तडा बहुतेक वेळा टोकाशी, जिथे नळी तोटीवर ताणून बसवलेली असते तिथे, किंवा वळणाच्या बाहेरच्या अंगाला जातो, कारण ताणलेल्या रबरावर ओझोन आधी हल्ला करतो. एका इंजिनातल्या सगळ्या नळ्या सहसा एकाच वयाच्या आणि एकाच उष्णतेत शिजलेल्या असतात. म्हणून एक तडकली हा बाकीच्यांविषयीचाही पुरावा असतो.

परळीपुरता आणखी एक मुद्दा जोडावा लागतो, तो राखेचा. कोळशाच्या राखेवर इथे विटांचा मोठा धंदा उभा आहे, राखेची वाहतूक टिप्परमधून चालते आणि रस्त्यांवर ती उडत असते. ही राख मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना यांची असते, म्हणजे धातूला घासणारी. एअर फिल्टर तिला अडवतो. पण फिल्टरच्या पुढे तडकलेल्या नळीतून शिरणारी हवा फिल्टरला न विचारताच आत जाते. जुन्या डिझेल जीपमध्ये ही वाट अजून आडवळणाची आहे. तिथे व्हॅक्यूम पंप ओढलेली हवा ऑइलसोबत इंजिनाच्या पोटात सोडतो. ब्रेककडची नळी फुटली की बाहेरची हवा नळीतून पंपात, पंपाच्या पात्यांना घासत, आणि तिथून इंजिन ऑइलमध्ये पोचू शकते. म्हणून अशा गाडीची व्हॅक्यूम नळी बरेच दिवस फुटकी राहिली असेल, तर नळीबरोबर ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलणं ही चैन ठरत नाही. टर्बोच्या सोलेनॉइडला अनेक गाड्यांत बोटाच्या पेराएवढा स्पंजचा फिल्टर असतो. तो दुर्लक्षित राहतो आणि राखेने बुजतो. नळ्यांच्या कामात तोही आपसूक हाताशी येतो.

या सगळ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की चालत्या यंत्राला हात लावूच नये. हा निव्वळ आळसाचा सल्ला नाही; त्याच्यामागे भक्कम पुरावा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडसाठी काम करणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये सी. एच. वॉडिंग्टन हे जीवशास्त्रज्ञ होते. विमानांच्या ठरावीक तासांनंतरच्या तपासण्या आणि मधेच होणारे बिघाड यांच्या नोंदी त्यांच्या गटाने शेजारी मांडल्या, तेव्हा दिसलं की तपासणीनंतर लगेच बिघाड वाढतात आणि नंतर हळूहळू कमी होतात. तपासणीने बिघाड टळण्याऐवजी काही नवेच उभे राहत होते. पुढे १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सचे स्टॅन्ली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी लिहिलेल्या अहवालात विमानाच्या भागांचे बिघाड वयानुसार कसे बदलतात ते दाखवलं. सुमारे ८९ टक्के भागांसाठी ‘इतक्या तासांनंतर बदला’ अशी वयाची मर्यादा घालून काही लाभ नव्हता. ६८ टक्के भाग तर नवे असतानाच जास्त बिघडत आणि ते दिवस सरले की स्थिर होत. चांगला चाललेला भाग काढून नवा बसवणं म्हणजे त्या धोक्याच्या दिवसांत पुन्हा पाऊल टाकणं.

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो मान्य केल्यानेच माझा मुद्दा धारदार होतो. त्याच अहवालातल्या उरलेल्या ११ टक्क्यांत झिजणारे, थकणारे, वयाने संपणारे भाग येतात, आणि रबरी नळी ही त्याच जातीची आहे. इलेक्ट्रॉनिक सेन्सर, इंजेक्टर, संगणकाचे सोलेनॉइड वय पाहून बिघडतीलच असं नसतं. ते चालत असतील तर केवळ उघडे दिसतात म्हणून बदलू नयेत. तपासून परत बसवावेत. रबर, गॅस्केट, ओ-रिंग, कूलंटची नळी, थर्मोस्टॅट, मॅनिफोल्डखाली दडलेले स्पार्क प्लग, बाष्प परत नेणाऱ्या नळीवरची पीसीव्ही झडप हे भाग मात्र बदलावेत. ज्या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवर फिरतो, तिथे बेल्ट काढला की पंप बदलायची पद्धत जगभर आहे. हाच हिशेब तिथे सर्वमान्य झाला आहे. पण व्हॅक्यूम नळीसाठी टायमिंग कव्हर उघडावं लागत नसेल, तर त्या दिवशी बेल्टची गोष्ट काढायचं काही कारण नाही. ज्या वाटेने आपण नळीपर्यंत गेलो, त्या वाटेवर जे लागलं तेवढ्यापुरताच हा नियम आहे. वॉडिंग्टन यांच्या निष्कर्षातून दुसरं एक शिकता येतं: खोलणं जितक्या कमी वेळा होईल तितकं बरं. मग जे अनिवार्यपणे खोललं गेलं आहे त्यातच म्हाताऱ्या भागांचा निकाल लावणं, हे ‘हात लावू नका’ या सल्ल्याचंच पालन झालं.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि बीड जिल्ह्यात तो हसण्यावारी नेता येत नाही. दिवसाच्या भाड्यावर घर चालवणाऱ्या जीपवाल्याला आज पाचशे रुपये जास्त देणं हे उद्याच्या चार हजारांपेक्षा जड वाटू शकतं, कारण आजचे पाचशे खात्रीने जाणार असतात आणि उद्याचे चार हजार कदाचित. दिवाळीच्या आसपास ऊसतोड कामगार जिल्ह्याबाहेर निघतात, तेव्हा गाडी एक दिवस उभी राहणंही परवडत नाही. यावर मला सुचणारं उत्तर क्रमाचं आहे. सगळं करणं जमत नसेल तर आधी ब्रेकशी जोडलेलं रबर, मग इंजिन तापवू शकणारं कूलंटचं रबर आणि शेवटी पिकअपचं रबर. पिकअप गेला तर गाडी हळू चालते. पाणी गेलं तर इंजिनाचं हेड जातं. ब्रेकच्या बाबतीत किमतीचा हिशेबच लागू होत नाही. आणि हंगाम सुरू होण्याच्या आधीच्या महिन्यात खोलावं, हंगामात नव्हे. वीज केंद्रंही संच थांबवण्यासाठी विजेची मागणी कमी असलेले दिवस शोधतात.

तिसरा आक्षेप एखादा चांगला मिस्त्रीच घेईल: एकाच वेळी पाच गोष्टी बदलल्या, तर दोष कुठे होता ते कसं कळणार? गाडी सुधारली तर ठीक, पण तशीच राहिली तर नव्या भागांच्या गर्दीत शोध अधिक अवघड होतो. हा आक्षेप खरा आहे, म्हणून निदान खोलण्याच्या आधी व्हायला हवं. व्हॅक्यूम गेजची सुई पाहावी. स्थिर पण खालची सुई गळतीकडे बोट दाखवते, तर ठरावीक लयीत थरथरणारी सुई एखाद्या व्हॉल्व्हकडे. हातपंपाने एकेक नळी ओढून ती व्हॅक्यूम धरते का बघावं. धुराचं यंत्र असेल तर उत्तम. धूर जिथून बाहेर येतो तिथे तडा. काही ठिकाणी चालू इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून आवाज बदलतो का ते ऐकतात. ही पद्धत उपयोगी असली तरी तापलेल्या एग्झॉस्टशेजारी ती आग लावू शकते. दोष नक्की झाल्यावर खोलावं, दोषी नळी आधी बदलावी आणि बाकीचं त्यानंतर. खोलताना मोबाइलवर फोटो घ्यावेत आणि नळ्यांना चिकटपट्टीने क्रमांक द्यावेत. यासाठी लागणारी पाच मिनिटं बहुतेक गॅरेजमध्ये कुणी देत नाही, आणि वॉडिंग्टन यांच्या नोंदींत दिसतात तसे बिघाड अशा घाईतून जन्माला येऊ शकतात.

नळी कोणती घ्यायची यावर थोडं सांगायला हवं, कारण रंगीबेरंगी सिलिकॉनचं आकर्षण अलीकडे फार आहे. सिलिकॉन उष्णता छान सोसतं, पण पेट्रोल आणि ऑइल त्याला सोसत नाही. ते फुगतं आणि मऊ पडतं. म्हणून पीसीव्हीच्या तेलकट वाफेच्या वाटेवर किंवा पंपाच्या ऑइलच्या नळीवर ते वापरू नये. तिथे ऑइल सोसणारं नायट्राइल रबर हवं, आणि फार उष्णता असेल तर फ्लोरो रबर. शिवाय पातळ भिंतीची सिलिकॉन नळी जोरदार व्हॅक्यूममध्ये आत चेपते. ब्रेक बूस्टरची नळी तर जाड भिंतीची, त्या कामासाठीच बनवलेली घ्यावी. कूलरच्या किंवा ठिबकच्या नळीचा तुकडा तिथे लावलेला दिसला, तर तो त्याच दिवशी काढावा.

जीपमध्ये ब्रेककडची नळी बदलताना तिच्यातली एकमार्गी झडप, पंपाला ऑइल देणारा पाइप आणि ऑइल परत नेणारी छोटी रबरी नळी हे सगळं हातभर अंतरात असतं आणि त्यांचं वयही एकच असतं. काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबायचं, म्हणजे बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल कडक होतं. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करायचं. पायाखाली पेडल थोडं खाली गेलं, तर पंपाचा व्हॅक्यूम नळीतून बूस्टरपर्यंत पोचतो आहे. नाही गेलं, तर गाडी अंबाजोगाईच्या घाटाकडे वळवू नये. इंजिन दोन-चार वेळा पुरतं तापून थंड झालं की क्लिपा पुन्हा एकदा आवळाव्या लागतात, कारण नवं रबर पहिल्या उष्णतेत बसकं होतं आणि ढिल्या क्लिपेतून इंजिन पुन्हा हवा घेऊ लागतं.